जी१पी[४], गायब पी-बँड आणि जी९पी[११]: रोटाव्हायरसचा वेगळा स्ट्रेन सिद्ध कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये पाच वर्षांखालच्या, जुलाबासाठी दाखल झालेल्या मुलांचे स्टूल सॅम्पल ईलायझावर (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी) रोटाव्हायरस पॉझिटिव्ह आले. मल्टिप्लेक्स पीसीआरमध्ये (एकाच ट्यूबमध्ये अनेक प्रायमर, म्हणजे ठरावीक जागी बसणारे छोटे डीएनए तुकडे, घालून जनुक वाढवण्याची चाचणी) बहुतेक जी३पी[८] निघाले. यातला जी म्हणजे व्हीपी७ आणि पी म्हणजे व्हीपी४ या विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनांच्या जनुकाचा प्रकार, आणि बँड म्हणजे त्या जनुकाच्या तुकड्याचा जेलवर दिसणारा पट्टा. पण काही नमुन्यांत जी१पी[४] दिसतो, काहींत जी-बँड आहे पण पी-बँडच येत नाही आणि दोन महिन्यांच्या एका बाळाचा नमुना जी९पी[११] आहे. हे सगळे 'अनयुज्वल स्ट्रेन' म्हणून अहवालात घालावेत का?

सध्याच्या पुराव्यावर नाही. या तीन निकालांमागे तीन निरनिराळी साधी कारणं असू शकतात आणि ती एकेक करून बाद केल्याशिवाय 'वेगळा' हा शब्द वापरू नये. जेलवरचा बँड फक्त एवढंच सांगतो की कुठलातरी प्रायमर कुठेतरी बसला. जीनोटाइप (जनुकाचा प्रकार) ठरतो तो सिक्वेन्सवरून, म्हणजे जनुकातल्या अक्षरांच्या क्रमावरून, आणि विषाणू आला कुठून हे सांगायला त्याच्या आरएनएचे अकराही सेगमेंट (तुकडे) लागतात.

सुरुवात जी९पी[११] पासून करा, कारण त्याचं उत्तर बहुधा लसीकरण कार्डावरच सापडेल. रोटाव्हॅक लसीतला ११६ई हा स्ट्रेन जी९पी[११] आहे. १९८० च्या दशकात दिल्लीत, जुलाब नसलेल्या नवजात बाळांमध्ये तो सापडला. त्याचं व्हीपी४ जनुक गोवंशीय रोटाव्हायरसचं आहे, बाकीची मानवी. ही लस २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आहे आणि डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना दिले जातात. तोंडावाटे दिलेला जिवंत विषाणू आतड्यात वाढतो आणि शौचातून बाहेर पडतो. म्हणजे बाळ दोन महिन्यांचं असेल आणि डोस गेल्या आठवड्या-दोन आठवड्यांत झाला असेल, तर तुम्ही लसच टाइप केलेली असण्याची शक्यता मोठी आहे. व्हीपी७ आणि व्हीपी४ सिक्वेन्स करून ११६ई शी जुळवून पाहा. जवळपास शंभर टक्के साम्य आणि डोसची तारीख या दोन गोष्टी एकत्र आल्या की तो नमुना 'लसजन्य' या वेगळ्या रकान्यात जातो.

रोटासिल या दुसऱ्या लसीच्या बाबतीत हाच प्रकार दुसऱ्या रूपात समोर येतो. ती यूके नावाच्या गोवंशीय स्ट्रेनच्या, म्हणजे जी६पी[५] च्या, पायावर बेतलेली आहे. त्या पायावर मानवी जी१, जी२, जी३, जी४ आणि जी९ ची व्हीपी७ जनुकं बसवलेली आहेत. त्यामुळे लसीचा विषाणू शौचात आला तर जी-बँड व्यवस्थित येतो, पण व्हीपी४ पी[५] असतं आणि नेहमीच्या मल्टिप्लेक्समध्ये पी[५] चा प्रायमर नसतोच. निकाल दिसतो 'जी१, पी अनटायपेबल', म्हणजे पी चा प्रकार ठरत नाही. तुमच्या 'पी-बँड गायब' नमुन्यांत चार महिन्यांच्या आतली बाळं किती आहेत ते आधी वेगळं काढा. डोसची तारीख, लसीचं नाव आणि नमुना घेतल्याची तारीख हे तीन रकाने नसलेला रोटाव्हायरस टायपिंगचा तक्ता आता आपल्या देशात अपुराच धरला पाहिजे. शिवाय शौचात लसीचा विषाणू असेल तर जुलाबाचं कारण दुसरंच असू शकतं. नोरोव्हायरस, अ‍ॅडेनोव्हायरस ४०/४१ आणि जिवाणू तपासल्याशिवाय ते लसीच्या माथी मारू नये.

आता जी१पी[४]. जी१ बहुधा पी[८] बरोबर फिरतो आणि पी[४] बहुधा जी२ बरोबर. एकाच मुलाला जी१पी[८] आणि जी२पी[४] असे दोन्ही संसर्ग असतील, आणि पहिल्याचा जी-बँड जोरात व दुसऱ्याचा पी-बँड जोरात आला, तर कागदावर जी१पी[४] हा अस्तित्वातच नसलेला विषाणू तयार होतो. आपल्याकडे मिश्र संसर्ग दुर्मिळ नाहीत, म्हणून आधी हीच शंका घ्यायची. व्हीपी७ आणि व्हीपी४ ही वेगवेगळ्या सेगमेंटवर आहेत (अनुक्रमे ९ आणि ४), त्यामुळे दोन स्वतंत्र पीसीआरपैकी कुठलाच हे सांगू शकत नाही की ती एकाच कणातली आहेत. पीसीआरच्या पहिल्या फेरीत मिळालेला तुकडा जिवाणूंत क्लोन करून वीस वसाहती सिक्वेन्स केल्या तरी जी किती प्रकारचे आहेत एवढंच कळतं. जी आणि पी एकाच विषाणूतले आहेत हे तरीही सिद्ध होत नाही.

मग करायचं काय? सगळ्यात स्वस्त चाचणी बहुतेक लॅबनी मागे टाकलेली आहे: आरएनएचं पॉलीअ‍ॅक्रिलमाइड जेल. १० टक्के जेल, रात्रभर कमी व्होल्टेजवर, नंतर सिल्व्हर स्टेन. रोटाव्हायरस ए चे अकरा सेगमेंट ४-२-३-२ अशा गटांत दिसतात. अकरापेक्षा जास्त पट्टे दिसले तर मिश्र संसर्ग जवळपास नक्की. गट सी चा नमुना ४-३-२-२ आणि बी चा ४-२-२-३ असा दिसतो. ए गटासाठीच्या ईलायझातून हे गट सुटतात, म्हणून ईलायझा निगेटिव्ह पण जेलवर पट्टे असलेला नमुना फेकू नका. गट बी भारतात, कोलकात्यात, सापडलेला आहे.

जेलचा दुसरा उपयोग माझ्या मते याहून मोठा आहे. मानवी रोटाव्हायरसची डीएस-१ आणि डब्ल्यूए या संदर्भ-स्ट्रेनच्या नावांनी ओळखली जाणारी दोन मुख्य घराणी आहेत. डीएस-१ सारख्या विषाणूंमध्ये अकरावा सेगमेंट लांब असल्याने सावकाश सरकतो आणि पट्ट्यांचा 'शॉर्ट' नमुना दिसतो. डब्ल्यूए सारख्यांत 'लाँग' दिसतो. जी१पी[८] म्हणजे लाँग, जी२पी[४] म्हणजे शॉर्ट ही सवयीची जोडी. जी१पी[८] असून शॉर्ट नमुना दिसला तर तिथेच थांबायचं. जपानमध्ये २०१२ च्या सुमारास नेमके असे विषाणू सापडले. बाहेरून अगदी सामान्य जी१पी[८], पण आतला सगळा पाया (जी-पी सोडून बाकीची जनुकं) डीएस-१ सारखा. तुमचे बहुसंख्य नमुने जी३पी[८] आहेत, म्हणून हे खास सांगतो. २०१३ पासून घोड्याच्या रोटाव्हायरसशी जवळचं व्हीपी७ असलेले, डीएस-१ पायाचे जी३पी[८] जपान आणि ऑस्ट्रेलियातून सुरू होऊन अनेक देशांत पसरले आहेत. जी आणि पी एवढंच पाहिलं तर ते जुन्या मानवी जी३पी[८] सारखेच वाटतात. म्हणजे तुमच्या यादीतला सर्वात महत्त्वाचा वेगळा विषाणू कदाचित 'नेहमीचे' म्हणून बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यात असेल. त्यातल्या निदान दहा-पंधरा नमुन्यांचं जेल करा. आरएनए कमी असेल तर जेलवर काही दिसत नाही, त्याला इलाज नाही. तिथे व्हीपी६ चा ३७९ बेस पेअरचा तुकडा आणि एनएसपी४ सिक्वेन्स करा. व्हीपी६ चा प्रकार आय या अक्षराने आणि एनएसपी४ चा ई ने लिहितात. आय१-ई१ आलं तर डब्ल्यूए पाया, आय२-ई२ आलं तर डीएस-१ पायाची शंका पक्की.

पी-बँड न येण्याचं दुसरं कारण प्रायमरचं. नेस्टेड पद्धतीत (पहिल्या फेरीच्या तुकड्यावरच आतल्या प्रायमरने दुसरी फेरी) पहिल्या फेरीत कॉन३-कॉन२ हे प्रायमर व्हीपी४ चा ८७६ बीपीचा (बेस पेअरचा) तुकडा देतात. दुसऱ्या फेरीत कॉन३ बरोबर पी[८] ला ३४५, पी[४] ला ४८३, पी[६] ला २६७, पी[९] ला ३९१ आणि पी[१०] ला ५८३ बीपी अपेक्षित असतात. व्हीपी७ ला ९कॉन१-९कॉन२ वापरत असाल तर पहिला तुकडा सुमारे ९०० बीपी, आणि दुसऱ्या फेरीत जी१ ला १५८, जी२ ला २४४, जी३ ला ४६४, जी४ ला ४०३, जी९ ला ११०. हे प्रायमर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या स्ट्रेनवरून बनवले होते. विषाणू बदलत गेला, प्रायमर तेच राहिले. पी[८] चा १टी-१ प्रायमर नव्या वंशावळींवर नीट बसेना, म्हणून त्यात बदल करून १टी-१डी आणावा लागला. ओपी३५४ सारख्या पी[८] च्या उपवंशावर तर नेहमीचे प्रायमर चुकतातच. तेव्हा अनटायपेबल पी मध्ये सर्वात संभाव्य उत्तर 'नवा पी' हे नसून 'प्रायमरला न ओळखता आलेला पी[८]' हे आहे. जी१२ च्या वाट्यालाही हेच आलं. त्याचा प्रायमर मूळ संचात नव्हता, त्यामुळे प्रायमर येईपर्यंत तो अनटायपेबलमध्येच जमा होत राहिला.

इथे एक साधा निर्णय घ्यायचा असतो. पहिल्या फेरीचा ८७६ चा बँड जेलवर आहे का? असेल तर दुसरी फेरी पुन्हा पुन्हा करत बसू नका. तो बँड जेलमधून कापून शुद्ध करा, दोन्ही दिशांनी सिक्वेन्स करा, काम संपलं. अ‍ॅनिलिंगचं (प्रायमर बसण्याचं) तापमान खाली आणून बँड 'काढणं' हा सर्वात वाईट मार्ग. ४२ अंशांच्या खाली गेलात की प्रायमर कुठेही बसतात आणि चुकीचा जीनोटाइप हातात येतो. बँड अपेक्षेपेक्षा २०-३० बीपी इकडेतिकडे वाटला तरी सिक्वेन्सिंगलाच पाठवा. १.५ टक्के अ‍ॅगरोजवर ३४५ आणि ३९१ मधला फरक डोळ्यांनी ठरवू नये. २ ते २.५ टक्के जेल घ्या आणि ५० बीपीचा लॅडर लावा.

पहिल्या फेरीचाच बँड नसेल तर दोष बहुधा त्याआधीच्या पायऱ्यांत आहे. शौचाचं पीबीएसमध्ये (क्षारयुक्त बफर) १० टक्के मिश्रण करून सेंट्रिफ्यूज करा, वरच्या निवळीतले १४० मायक्रोलिटर आरएनए काढण्याच्या स्तंभ-किटवर घ्या, ६० मायक्रोलिटरमध्ये उतरवा. रोटाव्हायरसचा आरएनए दुपदरी आहे. तो ९५ ते ९७ अंशांवर ५ मिनिटं उकलून लगेच बर्फात बुडवला नाही तर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) प्रायमर बसायला जागाच मिळत नाही. ट्यूब बाहेर काढून रॅकवर दोन मिनिटं ठेवली तरी पदर पुन्हा जुळतात. उकळत्या ब्लॉकवरून थेट बर्फाच्या पाण्यात, नुसत्या बर्फाच्या चुऱ्यात नाही, आणि एन्झाइमचं मिश्रण आधीच तयार असलेलं. सर्वाधिक फसलेले पीसीआर या एकाच पायरीवर फसतात. दुसरा शत्रू म्हणजे पित्तक्षार आणि बहुशर्करा. आरएनए १:१० पातळ करून बँड आला तर अडथळा शौचातल्या द्रव्यांचा होता असं समजा. व्हीपी६ चा तुकडा येतो पण व्हीपी४ चा नाही, असं झालं तर आरएनए ठीक आहे आणि कॉन प्रायमरच बसत नाहीत. अशा नमुन्यांत खरोखर वेगळं काही असण्याची शक्यता वाढते. त्यांना पुढे रांगेत पहिलं ठेवा.

दूषणाची तपासणी इथेच करून घ्या. दर बॅचला एक्स्ट्रॅक्शनपासूनचा निगेटिव्ह कंट्रोल हवा, फक्त पीसीआरचा पाण्याचा कंट्रोल पुरत नाही. नेस्टेड पीसीआरमध्ये पहिल्या फेरीची ट्यूब उघडणं हाच दूषणाचा मुख्य रस्ता आहे. लॅबमध्ये जी१० किंवा पी[११] चा पॉझिटिव्ह कंट्रोल असेल आणि वेगळा म्हणून आलेला सिक्वेन्स त्याच्याशी शंभर टक्के जुळत असेल तर तो निकाल रद्द धरा. कुठलाही वेगळा निकाल मूळ शौचातून, दुसऱ्या दिवशी, शक्यतो दुसऱ्या माणसाने आणि वेगळ्या प्रायमर-जोडीने पुन्हा काढलेला असला पाहिजे. आधीच्या आरएनएवर पुन्हा पीसीआर केल्याने दूषण फक्त पुन्हा दिसतं.

सँगर सिक्वेन्सिंगचा क्रोमॅटोग्राम (शिखरांचा आलेख) स्वतः उघडून पाहा, नुसती फास्टा (अक्षरांच्या क्रमाची) फाइल नको. एकाच जागी दोन शिखरं वारंवार दिसत असतील तर मिश्रण आहे. पण १५-२० टक्क्यांपेक्षा कमी असलेला दुसरा विषाणू सँगरमध्ये दिसत नाही, म्हणून स्वच्छ क्रोमॅटोग्राम हा एकच संसर्ग असल्याचा पुरावा नाही. जी१पी[४] नमुन्यांवर जी२ आणि पी[८] चे प्रायमर एकेकटे लावून पाहा, मल्टिप्लेक्समध्ये नाही. मल्टिप्लेक्समध्ये जोरदार टेम्पलेट दुबळ्याला दाबून टाकतं. एकेकट्या चाचणीत जी२ किंवा पी[८] निघाला तर नमुना 'मिश्र' म्हणून नोंदवा.

जी आणि पी एकाच कणातले आहेत हे दाखवायचे दोनच खरे मार्ग आहेत. पहिला संवर्धनाचा: एमए१०४ पेशी (माकडाच्या मूत्रपिंडाच्या), नमुन्याला १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि ट्रिप्सिन ३७ अंशांवर तासभर, नंतर सीरम नसलेल्या माध्यमात ०.५ ते १ मायक्रोग्रॅम ट्रिप्सिन, तीन आंधळे पॅसेज (वाढ दिसो वा न दिसो, नव्या पेशींवर पुढे नेणं), आणि मग प्लाक शुद्धीकरण (एका विषाणूपासून झालेला एकेक ठिपका वेगळा उचलणं). प्लाकमधून मिळालेला विषाणू जी१पी[४] निघाला तर प्रश्न मिटला. अडचण अशी की पेशींत जो जोमाने वाढतो तोच उरतो, आणि रानटी (नैसर्गिकरीत्या फिरणारे) स्ट्रेन अनेकदा वाढतच नाहीत. दुसरा मार्ग पूर्ण जीनोमचा. अकराही सेगमेंटवर एकेकच जीनोटाइप आणि कुठेही दुसऱ्याचे रीड (यंत्राने वाचलेले छोटे तुकडे) नसतील, तर मिश्रणाची शंका व्यवहारात संपते.

पूर्ण जीनोम सुमारे १८,५०० बेस पेअरचा आहे, म्हणजे एका नमुन्यासाठी रीड फारसे लागत नाहीत. खरी अडचण शौचातल्या परक्या आरएनए-डीएनएची. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या. त्यानंतर २ मोलर लिथियम क्लोराइडमध्ये ४ अंशांवर रात्रभर ठेवून सेंट्रिफ्यूज केलं तर एकपदरी आरएनए तळाशी बसतो आणि दुपदरी वरच्या द्रवात राहतो. तो द्रव स्तंभावरून पुन्हा शुद्ध करा, नाहीतर उरलेलं मीठ पुढच्या एन्झाइमला मारतं. रँडम प्रायमरने लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला तुकड्यांचा संच) केली की सेगमेंटच्या टोकांना रीड कमी पडतात. जीनोटाइपसाठी पूर्ण ओआरएफ (जनुकाचा प्रथिन बनवणारा भाग) पुरतो, म्हणून टोकांच्या मागे लागू नका. जोडणी करताना मात्र एक सावधगिरी हवी: फक्त एका संदर्भ-स्ट्रेनवर रीड बसवले तर वेगळा सेगमेंट रिकामा दिसतो किंवा ओढूनताणून बसतो. आधी डी नोव्हो (संदर्भाशिवाय) जोडणी, मग प्रत्येक तुकड्याचं ब्लास्ट (डेटाबेसमधल्या सिक्वेन्सशी तुलना), आणि त्यानंतर योग्य संदर्भ निवडून मॅपिंग.

अकरा जनुकांचा क्रम व्हीपी७-व्हीपी४-व्हीपी६-व्हीपी१-व्हीपी२-व्हीपी३-एनएसपी१-एनएसपी२-एनएसपी३-एनएसपी४-एनएसपी५ असा लिहितात आणि त्यांची अक्षरं जी-पी-आय-आर-सी-एम-ए-एन-टी-ई-एच. २००८ मध्ये ठरलेल्या या पद्धतीत प्रत्येक जनुकाला न्यूक्लिओटाइड साम्याची वेगळी मर्यादा आहे: व्हीपी७ आणि व्हीपी४ ला ८० टक्के, व्हीपी६ ला ८५, एनएसपी१ ला ७९, एनएसपी५ ला ९१. अर्धवट सिक्वेन्सवर जीनोटाइप द्यायचा तर ओआरएफचा किमान अर्धा भाग आणि किमान ५०० न्यूक्लिओटाइड हवेत. व्हीपी७ चा ९०० चा तुकडा या अटीत सहज बसतो. पण व्हीपी४ चा ओआरएफ साधारण २,३२८ न्यूक्लिओटाइडचा आहे, आणि ८७६ चा तुकडा त्याचा जेमतेम ३८ टक्के भरतो. ओळखीच्या पी[८] किंवा पी[४] ला तो चालतो. वेगळ्या पी चा दावा करायचा असेल तर पूर्ण व्हीपी४ शिवाय गत्यंतर नाही. साम्य मर्यादेच्या खाली गेलं तर स्वतः नवा क्रमांक देऊ नका. रोटाव्हायरस वर्गीकरण कार्यगटाकडे पूर्ण ओआरएफ पाठवायचा, क्रमांक ते देतात.

अक्षरांची माळ हातात आली की ती वाचायची कशी? सगळं १ असेल तर डब्ल्यूए सारखा, सगळं २ असेल तर डीएस-१ सारखा मानवी पाया. त्यात टी६, एच३ आणि ए३, ए११ किंवा ए१३ दिसले, बाकी २ असतील, तर गाय-म्हैस-शेळी-मेंढी या गटाचा पाया, आणि वर जी६, जी८ किंवा जी१० बरोबर पी[१], पी[५], पी[११] किंवा पी[१४] असणं अपेक्षित. ए८, आय५, टी७ ही डुकराची खूण. कोलकात्याच्या २००९ मधल्या नमुन्यांतले जी६पी[१४] आणि जी११पी[२५] अशाच पूर्ण जीनोमवरून आंतरप्रजातीय म्हणून ओळखले गेले. पण ब्लास्टमध्ये सर्वात वरचं नाव डुकराच्या स्ट्रेनचं आलं म्हणून 'डुकराकडून मुलाला झाला' असं लिहू नका. आपल्याकडच्या म्हशी, शेळ्या, डुकरांचे सिक्वेन्स डेटाबेसमध्ये फार थोडे आहेत, आणि जवळचा नातेवाईक डेटाबेसमध्ये नसला की दूरचाच वर येतो. प्रत्येक सेगमेंटचा वेगळा वंशवृक्ष काढा: मॅक्सिमम लाइकलिहुड पद्धत, शाखा किती भरवशाच्या हे तपासायला १००० बूटस्ट्रॅप, त्यात ब्लास्टचे जवळचे स्ट्रेन, संदर्भ-स्ट्रेन, सर्व लसींचे स्ट्रेन आणि मिळतील तेवढे भारतीय प्राण्यांचे. काही सेगमेंट प्राण्यांच्या आणि काही मानवी शाखेत गेले तर तो पुनर्मिश्रित विषाणू. सगळेच प्राण्यांच्या शाखेत गेले तर थेट संक्रमणाची शक्यता मांडता येते. मुलाच्या घरी कोणती जनावरं आहेत हे नमुना घेतानाच विचारून ठेवलेलं असेल तर या मांडणीला आधार मिळतो. सहा महिन्यांनी फोन करून ते नीट कळत नाही.

लस अशा विषाणूवर चालेल का, हा प्रश्न लगेच येतो. व्हीपी७ च्या ७-१ए, ७-१बी आणि ७-२ या, प्रतिपिंडं चिकटतात त्या भागांतली २९ अमिनो आम्लं लसीच्या स्ट्रेनशी जुळवून तक्ता द्या. तक्त्यापुढे जाऊन 'लस निष्प्रभ' असा निष्कर्ष मात्र काढू नका. एका नमुन्यातल्या बदलांवरून ते ठरत नाही, आणि लसीमुळे मिळणारं संरक्षण फक्त जी-पी जुळण्यावर अवलंबून नाही. उपचारही बदलत नाहीत. कुठलाही जीनोटाइप असो, ओआरएस आणि १४ दिवस झिंक, सहा महिन्यांखाली रोज १० मिग्रॅ आणि त्यावर २० मिग्रॅ.

अहवालात चार रकाने ठेवा: सिक्वेन्सने सिद्ध झालेला वेगळा स्ट्रेन, मिश्र संसर्ग, लसजन्य, आणि अद्याप अनिर्णित. नाव आंतरराष्ट्रीय पद्धतीने लिहा: आरव्हीए, मग मानवी-रानटी, देश, लॅबचा नमुना क्रमांक, वर्ष आणि जी-पी, तिरक्या रेघांनी वेगळं केलेलं. नावात मुलाची आद्याक्षरं किंवा हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक येऊ देऊ नका. जेनबँक या सिक्वेन्सच्या डेटाबेसमध्ये अकराही सेगमेंट एकाच स्ट्रेननावाने भरा. आणि मूळ शौचाचे किमान दोन छोटे भाग उणे ७० अंशांवर वेगळे ठेवून द्या, त्यातला एक पुष्टीसाठी दुसऱ्या लॅबला द्यायचा म्हणून राखीव. वारंवार वितळवलेल्या एकाच ट्यूबमधून लांब सेगमेंट नीट वाढत नाहीत, आणि व्हीपी१ ते व्हीपी३ नेमके तिथेच अडकतात.